नुमिडियावर व्याख्यान कसं द्यावं: होतकरू वक्त्यांसाठी सूचना

प्राचीन नुमिडियावर (म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या एका जुन्या राज्यावर) बोलायला बोलावलंय का तुम्हाला? अभिनंदन. अजिबात घाबरू नका. विषय समोरच्या कुणालाच माहीत नसतो, त्यामुळे चूक पकडली जाईल ही भीती नाही. शिवाय नुमिडियाविषयी अवाक्षर न काढता नुमिडियावर दोन तास बोलता येतं, हे गेल्याच आठवड्यात मी दुसऱ्या रांगेत बसून पाहिलंय. फलकावर 'प्राचीन बर्बर राजसत्ता' असं ठळक अक्षरांत होतं (बर्बर म्हणजे रानटी नव्हे, उत्तर आफ्रिकेतले मूळ लोक). पडद्यावर उंटावर बसलेला, तोंडाला फडकं गुंडाळलेला कुणीतरी होता. वक्ते नावाजलेले. मी वही-पेन घेऊन गेलो होतो. वहीत जे उतरलं ते तुमच्या उपयोगी पडेल.

सुरुवात रोमपासून करा. मग कार्थेज (रोमचं उत्तर आफ्रिकेतलं वैरी शहर), मग त्याचा सेनापती हॅनिबल, मग आल्प्स आणि हत्ती. हत्तींवर अर्धा तास आरामात निघतो. इ.स.पू. २१६ साली कॅनीच्या लढाईत हॅनिबलच्या उजव्या बगलेवर जे घोडेस्वार होते ते नुमिडियन होते, घोड्याला लगाम न घालता मानेभोवतीची दोरी आणि हातातली काठी एवढ्यावर लढत होते, हे सांगायच्या भानगडीत पडू नका. 'हॅनिबलचं घोडदळ' म्हणून मोकळे व्हा. पुढे इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या मैदानावर नुमिडियाचा राजा मासिनिसा ६००० पायदळ आणि ४००० घोडेस्वार घेऊन रोमन सेनापती स्किपिओच्या बाजूला उभा राहिला. पळत्यांचा पाठलाग सोडून ते घोडेस्वार रोमन घोडदळाबरोबर माघारी फिरले आणि हॅनिबलच्या पिछाडीवर कोसळले, तेव्हा कुठे लढाई फिरली. इथे त्यांना 'रोमन घोडदळ' म्हणा. घोडे नेमके कुणाचे, असं कुणी विचारत नाही.

नकाशा दाखवू नका.

वाळवंट मात्र दाखवा, भरपूर दाखवा. आफ्रिका म्हटलं की वाळू, खजूर आणि उंट हे लोकांनी गृहीत धरलेलंच असतं, त्यांचा हिरमोड कशाला करायचा? आजचा ईशान्य अल्जीरिया आणि त्याला लागून ट्युनिशियाचा पश्चिम भाग, म्हणजे नुमिडियाचा गाभा, हा डोंगर-दऱ्यांचा, गव्हाचा, ऑलिव्हचा मुलूख आहे. राजधानी सिर्टा नदीच्या खोल घळीवर, कड्याच्या माथ्यावर वसलेली. पण असं काही सांगितलं तर उंटाचं काय करायचं? इ.स.पू. ४६ मध्ये सीझरच्या लोकांनी नुमिडियाच्या जुबा राजाचे उंट पकडले, त्यांची नोंद आहे: २२. चांगले बावीस उंट हाताशी असताना घोड्यांचं राज्य घोड्यावर दाखवायची गरज काय? मासिनिसाच्या काळातल्या नाण्यांवर एका बाजूला दाढीवाला राजा आणि दुसऱ्या बाजूला उधळलेला घोडा आहे. ती नाणी दाखवू नका, मागचं चित्र बदलावं लागेल.

मासिनिसाचं वर्णन 'रोमचा निष्ठावान मित्र' या तीन शब्दांत आटपा. आमच्या वक्त्यांनी आटपलं. हा माणूस आधी स्पेनमध्ये कार्थेजकडून रोमशी लढला, मग वारं पाहून रोमकडे आला. इ.स.पू. २०१ च्या तहात कलम असं होतं की मासिनिसाच्या पूर्वजांचं जे जे असेल ते कार्थेजने परत करावं, आणि रोमला विचारल्याशिवाय लढाई करू नये. पूर्वजांचं काय काय होतं ते ठरवायला म्हाताऱ्याने पुढची पन्नास वर्षं घेतली. आज हा सुपीक पट्टा आजोबांचा, उद्या ते बंदर पणजोबांचं. कार्थेजने तक्रार करावी, रोमने चौकशीला माणसं पाठवावीत, माणसांनी मान डोलवून परत जावं. शेवटी वैतागून इ.स.पू. १५० मध्ये कार्थेजने शस्त्र उचललं, मार खाल्ला, आणि तह मोडल्याचं निमित्त रोमला मिळालं. रोम स्वतःच कार्थेज गिळायला उतरलं तेव्हा मासिनिसा नाराज झाला, असं इतिहासकार अ‍ॅपियन लिहितो. होणारच. इतकी वर्षं मशागत याने केली आणि पिकावर भलत्याचीच धाड. हा मित्र होता की कसलेला राजकारणी, ते ज्याचं त्याने ठरवावं. व्याख्यानात मात्र 'मित्र'च म्हणा.

त्याच्या शेतीबद्दल बोलायचंच झालं तर 'त्याने वाळवंटात नंदनवन फुलवलं' असं म्हणा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने कौतुकाच्या भरात तसं लिहून ठेवलंच आहे, की आधी सगळा देश नापीक मानला जात होता. पण पेरणी तिथे मासिनिसाच्या कितीतरी आधीपासून होत होती. त्याने ती वाढवली, साठवली आणि जगाला विकली. इ.स.पू. १७९ मध्ये त्याचा गहू थेट एजियन समुद्रातल्या डेलोस बेटावर पोचला होता. पण नंदनवन या शब्दाला टाळ्या पडतात, डेलोसला पडत नाहीत.

राजांची नावं उच्चारताना अडखळा आणि हसा. श्रोतेही हसतात.

सोफोनिस्बा विसरू नका. कार्थेजच्या सेनापतीची मुलगी, आधी सिफॅक्सची राणी, तो पकडला गेल्यावर लगोलग मासिनिसाशी लग्न, स्किपिओने तिला ताब्यात मागताच नवऱ्याकडून विषाचा पेला. पंचवीस मिनिटं. नुमिडियाच्या सगळ्या इतिहासात आमच्या वक्त्यांना बाई एवढीच सापडली, आणि तीही नुमिडियन नव्हती. सिफॅक्स कोण? तर तिचा 'म्हातारा पहिला नवरा', बस्स. इ.स.पू. २०६ मध्ये याच सिफॅक्सच्या सिगा शहरात एकाच वेळी दोन पाहुणे येऊन धडकले, एक रोमचा स्किपिओ आणि दुसरा कार्थेजचा हासद्रुबाल. दोघे एकमेकांचे जानी दुश्मन, दोघांनाही त्याची मैत्री हवी होती, आणि त्याने दोघांना एकाच पंगतीला, एकाच आसनावर जेवायला बसवलं. अख्ख्या पश्चिम भूमध्य समुद्राचं भवितव्य त्या संध्याकाळी एका नुमिडियन राजाच्या दारात ताटकळत होतं. हे लिव्हीने लिहिलंय, म्हणजे रोमनच माणसाने. तरी व्याख्यानात आलं नाही. कुठून येणार, सोफोनिस्बा विष पीत होती ना.

सिर्टाला सरळ कॉन्स्टंटीन म्हणा. चौथ्या शतकात शहराला रोमन सम्राटाचं नाव लागलंच आहे, तुमची सोय झाली.

आता जुगुर्था, मासिनिसाचा नातू. हा तुमचा खलनायक. 'कपटी, धूर्त, रक्तपिपासू' ही विशेषणं तयार ठेवा. चुलतभाऊ हिएम्प्साल याला त्याने मारवलं, दुसऱ्या अधेरबालला इ.स.पू. ११२ मध्ये सिर्टाच्या वेढ्यात हाल करून मारलं, हे खरंच आहे, तो काही संत नव्हता. पण विशेषणं वाटताना हात जरा आखडता घ्या आणि ती सगळी एकाच बाजूला संपवा. राज्याची वाटणी करायला रोमहून आलेला ओपिमियस पैसे खाऊन गेला. लढायला आलेला बेस्टिया पैसे खाऊन तह करून गेला. जुगुर्थाची साक्ष घ्यायला त्याला रोमला बोलावलं, तर बेबियस नावाच्या लोकप्रतिनिधीने पैसे खाऊन त्याला तोंडच उघडू दिलं नाही. देणारा एक आणि खाणारे इतके, तरी कपटी एकटा देणारा! खाणाऱ्यांच्या बाबतीत 'रोमन समाजाचा नैतिक ऱ्हास' असं उदास आवाजात म्हणायचं, चष्मा काढून. जुगुर्थाचा सासरा, शेजारच्या मॉरेटेनियाचा राजा बोकस, जावयाला जेवायच्या नव्हे पण बोलण्यांच्या मिषाने बोलावतो आणि इ.स.पू. १०५ मध्ये बांधून सुला या रोमन अधिकाऱ्याच्या हवाली करतो. ते कपट नाही बरं का, ती सुलाची मुत्सद्देगिरी. सुलाने तो प्रसंग अंगठीवर कोरून घेतला आणि जन्मभर मिरवला.

आणि हे सगळं आपल्याला सांगितलं कुणी? सॅलस्टने. हे नाव व्याख्यानात चार वेळा आलं, दर वेळी 'थोर इतिहासकार' असं बिरुद लावून. त्याच सॅलस्टने लिहिलंय की रोम सोडताना जुगुर्था मागे वळून म्हणाला, हे विकाऊ शहर आहे, गिऱ्हाईक मिळालं की संपेल. फार सुंदर वाक्य. वक्त्यांनी दोनदा म्हटलं. सॅलस्ट कोण होता ते एकदाही नाही. इ.स.पू. ४६ मध्ये जुबाचं राज्य बुडालं, त्याचा रोमन प्रांत झाला, आणि सीझरने त्याच्यावर नेमलेला पहिला सुभेदार हाच सॅलस्ट! म्हणजे नुमिडियाचाच. त्याने तो प्रांत असा धुतला की परत गेल्यावर खंडणीखोरीचा खटला अंगावर आला, सीझरमुळे वाचला, आणि मग रोममध्ये त्याच्या नावाच्या आलिशान बागा उभ्या राहिल्या. ज्या देशाला लुटलं त्याच देशाच्या मेलेल्या राजाच्या तोंडी सत्तरेक वर्षांनी भ्रष्टाचाराविरुद्धचं सुभाषित घालणारा हा माणूस आपला साक्षीदार. बरं, साक्षीदार असाच असतो, त्याचीच साक्ष घ्यावी लागते, मान्य. पण उलटतपासणी नावाची काही गोष्ट असते की नाही?

मग आला शेवट. इ.स.पू. १०४ च्या पहिल्या दिवशी रोमन सेनापती मॅरियसने जुगुर्थाला साखळदंडात रोमच्या रस्त्यांवरून फिरवलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की नंतर अंगावरचे कपडे फाडले, कानातली बाळी ओढताना कानाची पाळी तुटली आणि त्याला नागडा करून तळघराच्या कोठडीत ढकलला. आत पडताना तो म्हणाला, 'काय गार आहे हो तुमचं हे न्हाणीघर!' वक्त्यांनी हे वाक्य टायमिंग साधून टाकलं. सभागृहात हशा. सहा दिवस तो माणूस त्या कोठडीत अन्नावाचून तडफडत होता, हे प्लुटार्कने त्याच्याच पुढच्या ओळीत लिहिलंय. ती ओळ वक्त्यांनी गाळली. हशा विरला असता.

प्रश्नोत्तरांत (म्हणजे 'प्रश्न नाही, फक्त दोन मिनिटं बोलतो' असं म्हणणारे तिघे आटोपल्यावर) मी विचारलं, नुमिडियन लोकांचं स्वतःचं काय म्हणणं होतं? उत्तर मिळालं, "अहो, त्यांचं लिहिलेलं काहीच उपलब्ध नाही. टोळ्या होत्या त्या."

काहीच उपलब्ध नाही? ज्या सॅलस्टला तुम्ही तासभर डोक्यावर घेऊन नाचलात, तोच सांगतो की हिएम्प्साल राजाची (जुगुर्थाने मारवलेला तो नव्हे, त्याच नावाचा नंतरचा) म्हणून मानली जाणारी प्युनिक, म्हणजे कार्थेजच्या, भाषेतली पुस्तकं होती आणि त्याने त्यातला मजकूर भाषांतर करवून घेतला. पुस्तकं हरवली हे खरं. दगड हरवले का? ट्युनिशियात दुग्गा इथे २१ मीटर उंचीचं नुमिडियन स्मारक उभं आहे. त्यावर प्युनिक आणि लिबियन (नुमिडियनांची स्वतःची) अशा दोन लिप्यांत लेख होता. त्यात राजाची स्तुती नाही, बांधणाऱ्यांची नावं आहेत. अतबान आणि त्याचे सोबती, सुतार, लोहार, बापाच्या नावासकट. १८४२ साली ट्युनिसमधल्या ब्रिटिश वाणिज्यदूताने तो दगड काढण्यासाठी स्मारकच पाडलं आणि लेख लंडनला नेला. तो आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्मारक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा रचावं लागलं. आज अल्जीरिया-मोरोक्कोतले अमाझिघ (म्हणजेच बर्बर) लोक पाट्यांवर जी तिफिनाघ लिपी लिहितात, तिचं मूळ याच दगडांवरच्या अक्षरांच्या घराण्यात आहे. टोळ्या म्हणे! मासिनिसाचा मुलगा मस्तानाबाल अथेन्सच्या क्रीडामहोत्सवात रथांच्या-घोड्यांच्या शर्यतीत जिंकला, त्याचं नाव तिथल्या विजेत्यांच्या यादीत कोरलंय. कॉन्स्टंटीनजवळ एल होफ्राला १९५० साली खणलं तेव्हा शेकड्यांनी स्मारकशिळा निघाल्या. त्यातल्या काहींवर मासिनिसाच्या अमुक वर्षी, त्याच्या मुलाच्या म्हणजे मिकिप्साच्या तमुक वर्षी असा काळ दिलाय. स्वतःच्या राजांच्या कारकिर्दीने काळ मोजणारी माणसं होती ती, रोमच्या कॉन्सलांच्या (दरसालच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या) नावांनी नव्हे.

इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून कुणी आपला इतिहास सांगितला की आपण केवढे चवताळतो. आणि दुसऱ्याचा सांगायची वेळ आली की जेत्याची वही उघडून घडाघडा वाचतो, वर उंट चिकटवतो. लाज वाटायला हवी. ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयात दुग्गाचाच दुसरा द्विभाषी लेख आहे, मिकिप्साच्या दहाव्या वर्षी मासिनिसासाठी देऊळ बांधलं त्याचा. त्यात मिकिप्सा, त्याचा बाप मासिनिसा, त्याचा बाप गाया, त्याचा बाप झिलालसान अशी चार पिढ्यांची वंशावळ त्यांनी स्वतः कोरून ठेवलीय. त्याचं वाचन छापून होऊन शंभरावर वर्षं झाली. फोटो घरबसल्या मिळतो. एवढंसुद्धा पाहायचे कष्ट घ्यायचे नसतील, तर मानधन कशाचं घेता हो?