फिश टँकचं पाणी गढूळ झालं की "सगळं धुऊन काढा" म्हणणारा तो मेसेज

टँकचं पाणी एका दिवसात काचेसारखं करायचा मेसेज गेले कितीतरी दिवस फिरतोय आणि आता मला तो चौथ्यांदा आलाय म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मेसेज थोडक्यात असा: पाणी ढगाळ दिसलं की सगळं पाणी काढून टाका, टँक आणि खडे साबणाने घासा, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत धुवा नाहीतर नवीनच बसवा, पाण्यात तुरटी फिरवा, थोडं निळं औषध टाका आणि एक सकर मासा सोडा म्हणजे परत कधी घाण होणार नाही. यातल्या पहिल्या तीन गोष्टी मी माझ्या पहिल्या टँकमध्ये एकाच रविवारी केल्या होत्या. संध्याकाळी पाणी खरंच चकाचक दिसत होतं, पण गुरुवारपर्यंत सहापैकी चार मासे गेले आणि पाणी परत पांढरं झालं होतं. त्यामुळे हा मेसेज बघून मला खरंच काळजी वाटते, नवीन लोक डोळे झाकून हे करतात.

मुळात मेसेजने विचारलंच नाहीये की पाणी कशा प्रकारे गढूळ आहे. टँक भरल्या भरल्या राखाडी धूळ दिसतेय तर ती खड्यांची किंवा वाळूची आहे, नीट न धुता टाकली म्हणून, फिल्टर चालू ठेवा, एक-दोन दिवसात बसते. पाणी चहासारखं पिवळट-तपकिरी आहे पण आरपार दिसतंय, तर ते टँकमधल्या लाकडातून उतरलेलं टॅनिन आहे, बहुतेक माशांना त्याचा काही त्रास नाही. हिरवं असेल तर पाण्यात तरंगणारं शेवाळ. आणि नवीन टँक लावल्यावर काही दिवसांनी दोन थेंब दूध पडल्यासारखं पांढरट धुकं येतं ते बॅक्टेरियाचं असतं, नवीन लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच. चार वेगळी कारणं आणि मेसेजमध्ये उपाय मात्र सगळ्यांना एकच.

आता "सगळं पाणी काढा". ते पांढरं धुकं म्हणजे पाण्यात विरघळलेल्या उरलेल्या खाण्यावर, विष्ठेवर जगणारे बॅक्टेरिया, हे काही तासांत दुप्पट होतात. तुम्ही पाणी काढलं तरी खड्यांत अडकलेलं कुजकं खाणं तिथेच आहे आणि मासे रोज नवीन घाण करतातच, म्हणून एक-दोन दिवसात धुकं परत हजर. दरम्यान माशांना एकदम वेगळं तापमान, वेगळा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा) सोसावा लागतो, आणि नळाचं पाणी थेट ओतलं असेल तर क्लोरीन कल्ल्यांना भाजून काढतं. (पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं हे बऱ्यापैकी खरं आहे, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाईन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग असतं, ते असं उडत नाही, अँटी-क्लोरीन म्हणजे क्लोरीन काढणारं औषधच घालावं लागतं.) पाणी बदलूच नका असं मी म्हणत नाहीये, पण एका वेळी २५ ते ३० टक्के, तापमान जुळवून, क्लोरीन काढून.

साबणाबद्दल फार लिहायची गरजच नाही. काचेच्या जोडांतल्या सिलिकॉनवर, खड्यांच्या छिद्रांत साबण राहतो आणि थोडासुद्धा माशांच्या कल्ल्यांना घातक आहे. टँकला साबण लावायचाच नाही.

स्पंजचा मुद्दा मात्र सगळ्यात महत्त्वाचा, कारण खरंतर मासे मारतो तो हाच. मासे सतत अमोनिया सोडतात, तो विषारी. काही बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट करतात, तेही विषारी, आणि दुसरे त्या नायट्राईटचं नायट्रेट करतात जे बरंच सौम्य आहे. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत, ते चिकटून राहतात, खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त फिल्टरच्या स्पंजमध्ये कारण तिथून पाणी आणि ऑक्सिजन सतत जातो. नायट्राईटचं नायट्रेट करणारा म्हणून पुस्तकांत वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टर या बॅक्टेरियाचं नाव यायचं, पण १९९८ मध्ये संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये तपासलं तर नायट्राईटचं काम करणारा निघाला नायट्रोस्पायरा, आणि २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही टप्पे एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला, त्यातला एक चक्क मत्स्यपालनाच्या सिस्टीमला जोडलेल्या फिल्टरमधून. म्हणजे तुमच्या स्पंजमधला तो तपकिरी, बुळबुळीत थर ही निव्वळ घाण नाहीये, तिथे ही सगळी वस्ती आहे. आणि ही मंडळी धुकं करणाऱ्यांसारखी काही तासांत वाढत नाहीत, दुप्पट व्हायला त्यांना साधारण एक दिवस किंवा जास्त लागतो, म्हणून नवीन टँक तयार व्हायला ४ ते ६ आठवडे जातात. स्पंज क्लोरीनच्या नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला किंवा फेकून नवीन लावला की नवा गडी नवं राज्य, आणि मासे मात्र जुनेच, तेवढेच खाणारे, तेवढाच अमोनिया सोडणारे.

वर नवीन पाण्याचा पीएच जास्त असेल तर आगीतून फुफाट्यात. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. अमोनिया मोजायच्या टेस्ट किटवर आकडा तोच दिसेल पण विष जवळपास दहापट. माझे मासे रविवारी न मरता गुरुवारपर्यंत एकेक करून का गेले हे मला या गणितातून खूप उशिरा समजलं.

स्पंज धुवायचाच, पण बादलीत टँकचंच काढलेलं पाणी घेऊन त्यात दोन-तीनदा पिळायचा, बस. पाणी नीट वाहतंय ना एवढंच बघायचं, पांढरा करायचा नाही. अगदीच फाटला असेल तर नवीन स्पंज जुन्यासोबत महिनाभर चालवा आणि मग जुना काढा.

तुरटीत थोडं तथ्य आहे हे मान्य करतो. मातीचे बारीक कण ती एकत्र आणून खाली बसवते, पाणी शुद्ध करायला ती वापरतातच. पण पिण्याच्या पाण्यात मासे पोहत नसतात. तुरटी पाण्याची क्षारता (पीएच स्थिर धरून ठेवणारा गुण) खाते, पाणी मऊ असेल तर पीएच धाडकन खाली येतो, आणि कमी पीएचला विरघळलेलं ॲल्युमिनियम कल्ल्यांवर चिकटून माशांचा श्वास कोंडतो. अंदाजाने खडा फिरवायची ही जागा नव्हे.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, चांगलं औषध आहे, पण अंड्यांवरच्या बुरशीसाठी किंवा आजारी मासा वेगळ्या टबमध्ये ठेवून. मेन टँकमध्ये टाकलं तर फिल्टरच्या बॅक्टेरियांनाही मारतं, सिलिकॉन कायमचं निळं करतं, आणि पाणी निळं झाल्यामुळे गढूळपणा दिसायचा थांबतो एवढंच.

राहिला सकर. काचेवरचं शेवाळ तो खरवडतो हे खरं, पण पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ किंवा पांढरं धुकं तो खाऊच शकत नाही, दुसऱ्या माशांची विष्ठाही खात नाही. उलट दुकानात बोटाएवढा दिसणारा तो मासा फूट-दीड फूट होतो आणि घाण सगळ्यांपेक्षा जास्त करतो. गढूळ टँकमध्ये आणखी एक मासा म्हणजे आणखी अमोनिया.

"पण मी असंच केलं आणि मासे जगले" असं बरेचजण सांगतात, ते खोटं बोलत नाहीत. मासे कमी असतील, जात चिवट असेल, पाण्यात क्लोरीन नसेल, खड्यांवर थोडे बॅक्टेरिया वाचले असतील तर निभावतं. तेवढ्यावरून दुसऱ्याला सांगू नका एवढीच कळकळीची विनंती.

मग करायचं काय? पांढरं धुकं असेल तर खाणं निम्मं करा, धडधाकट मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशीसुद्धा आरामात राहतात. एअर पंप वाढवा कारण हे बॅक्टेरिया ऑक्सिजन खेचतात, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर हे आधी. फिल्टर रात्री सुद्धा बंद करू नका. अमोनिया आणि नायट्राईट तपासा, दोन्ही शून्य असतील तर नुसतं थांबा, काही दिवस ते दोन आठवड्यांत निवळतं. आकडा दिसला तर वर सांगितलं तसं पाव हिस्सा पाणी बदला, गरज पडली तर रोज. हिरव्या पाण्याला लाईट ६ ते ८ तासांवर आणा, खिडकीचं ऊन तोडा, नाहीच गेलं तर तीन-चार दिवस टँक जाड कापडाने पूर्ण झाका, त्या काळात हवा जोरात चालू ठेवा आणि नंतर थोडं पाणी बदला.

आणि जुना, महिनोन्महिने नीट चालणारा टँक अचानक पांढरा झाला तर बादली उचलायच्या आधी मासे मोजा. बऱ्याचदा एखादा कमी भरतो आणि तो लाकडाखाली किंवा फिल्टरमागे मरून पडलेला सापडतो. तो काढा, थोडं पाणी बदला, आणि फिल्टरचा पंखा अडकलाय का तेही बघून घ्या.