भारतीय वेळ एकच आहे, म्हणून यूटीसी नको?

‘भारतात एकच प्रमाणवेळ आहे, ती कधी बदलत नाही, तेव्हा संगणकाचे घड्याळ सरळ भारतीय वेळेवर ठेवा, यूटीसी ठेवाल तर जन्मभर साडेपाच तास मिळवत बसाल,’ असा सल्ला सध्या बराच फिरतो आहे. तो चुकीचा आहे. यूटीसी म्हणजे जगभर संदर्भासाठी वापरली जाणारी समान वेळ; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे.

आधी ती बेरीज. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतो आणि ‘आशिया/कोलकाता’ ही निवड फक्त वेळ दाखवताना लागू होते, त्यामुळे आतले घड्याळ यूटीसीवर असले तरी पडद्यावर भारतीय वेळच दिसते.

खरा गोंधळ होतो तो मदरबोर्डवरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचा. विंडोज तिथे स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स त्याच आकड्याला यूटीसी समजते. माझ्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत. सकाळी दहाला विंडोज बंद करून लिनक्स सुरू केले, तर दुपारचे साडेतीन वाजलेले दिसत. इंटरनेटवरून वेळ जुळून ती मदरबोर्डवर लिहिली गेली की पुढच्या वेळी विंडोज पहाटेचे साडेचार दाखवी. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात, ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ केली आणि हा त्रास थांबला.

‘आपली वेळ कधी बदललीच नाही’ हे तर इतिहासालाच सोडून आहे. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाचे घड्याळ एक तास पुढे होते, आणि त्या वर्षांतल्या जन्माची पत्रिका मांडताना तो तास आजही वजा करतात. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात पुढे कित्येक वर्षे चालू होती.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशाचाही दाखला भारतीय वेळेच्या बाजूने दिला जातो. त्यात घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ पुरवणाऱ्या संगणकांशी, जुळवायला सांगितले आहे, आणि एनटीपीवरून येते ती यूटीसीच. शिवाय पुण्यातून न्यूयॉर्कचे सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळ एक तास मागे घेतात, त्यामुळे पहाटेचा दीड दोनदा वाजतो, आणि लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) नुसती स्थानिक वेळ असेल तर कोणती नोंद आधीची हे ठरवता येत नाही.

स्थानिक वेळेच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे: लंडनमधली पुढच्या वर्षीची बैठक तिथल्या वेळेने, वेळक्षेत्राच्या नावासह नोंदवावी, कारण मधल्या काळात तिथला नियम बदलला तर आज काढून ठेवलेली यूटीसी वेळ चुकेल.