पैसा आला किती हे विचारता, गेला किती तेही विचारा

आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाचा मुलगा कॅनडाला गेला की वर्षभरात प्रश्न सुरू होतो, "काय, पाठवतो का काही?" त्याला पाठवताना घरचे पैसे गेले किती, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा हिशेब तिथूनच सुरू होतो.

रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार 2023-24 मध्ये बाहेरच्या भारतीयांनी 118.7 अब्ज डॉलर पाठवले. अमेरिकेचा वाटा 27.7 टक्के, अमिरातीचा 19.2. देशाच्या व्यापारी तुटीला या पैशाचा मोठा टेकू आहे, आणि शेअर बाजारातल्या परकी पैशासारखा तो एका रात्रीत पळून जात नाही. हे मान्यच.

पण शेजारच्या चरोतरात, म्हणजे आणंद-खेड्याच्या पट्ट्यात, पिढ्यान्‌पिढ्या पूर्व आफ्रिका आणि इंग्लंडात गेलेल्यांनी धर्मजसारख्या गावातल्या बँका भरल्या. आपल्या घरातला मुलगा जातो तो कर्जावर. समजा 40 लाख, 11 टक्क्यांनी, घर तारण. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तर थोडं कमी, पण सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली आणि दोन वर्षं व्याज भरलं नाही, तर साध्या व्याजानेच 8 लाख 80 हजार चढतात. पुढे 48.8 लाखांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो सुमारे 67 हजार. नोकरी सहा महिने लांबली, तर तो हप्ता बापाच्या पेन्शनमधून जातो.

आता गंमत नव्हे, गंभीर गोष्ट बघा. मुलगा हप्त्यासाठी पाठवतो ते पैसे देशाच्या 'आवक' खात्यात जमा दिसतात. ते खरं म्हणजे आपल्याच पैशाची परतफेड असते. फी म्हणून बाहेर गेलेली रक्कम वेगळ्या रकान्यात, म्हणून दोन्ही एकत्र कुणी बघतच नाही. बडोद्यातल्या घराला फायदा झाला का, हे कर्ज फिटल्यावरच कळतं.

तोवर निदान गळती तरी थांबवा. पैसे पाठवून देणाऱ्यांच्या 'शून्य शुल्क' या पाटीवर जाऊ नका, डॉलरला दर काय देतात ते बघा. बाजारभाव 85 असताना 83.50 दिला, तर हजार डॉलरमागे दीड हजार रुपये गेले, आणि पावतीवर ते कुठेच लिहिलेले नसतात. अमेरिकेत 1 जानेवारी 2026 पासून रोख किंवा मनीऑर्डरने पाठवलेल्या रकमेवर 1 टक्का कर आहे. बँक खात्यातून पाठवलं तर नाही.

खात्यांचा घोळ तर घरोघरी असतो. शिकायला गेलेला मुलगाही फेमा या परकी चलनाच्या कायद्याखाली अनिवासीच धरतात, त्यामुळे त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या पैशाचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडची कमाई मात्र एनआरई, म्हणजे अनिवासीच्या बाहेरच्या कमाईसाठीच्या खात्यात घ्या: तिच्यावरचं व्याज इथे करमुक्त, रक्कम कधीही परत नेता येते, कर्जाचा हप्ताही तिथूनच वळता करता येतो. तीच रक्कम बाबांच्या नावावर एफडीत टाकली की व्याज बाबांच्या उत्पन्नात धरलं जातं. एनआरओवरच्या व्याजावर तर 30 टक्के आणि वर सेस आधीच कापला जातो.