फळ्यावरून पुसलेला मासा

परवापासून एक गोष्ट मनात घोळतेय, ती लिहूनच टाकते.

सुट्टीत समुद्रकाठच्या एका लहानशा रेस्टॉरंटमध्ये जेवलो. सहा टेबलं. छापील मेन्यू नाही, भिंतीवर काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेले पाच पदार्थ. आम्ही बसतो न बसतो तोच मालकीणबाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि एक नाव पुसून गेल्या. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ नेमका तोच मासा मागवायच्या बेतात होते. "फ्रीजरमध्ये तरी असेल ना?" "नाही हो. सकाळी होडीतून आला तेवढाच." गृहस्थ घरच्यांना घेऊन उठले आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "एवढंही ठेवता येत नसेल तर हॉटेल काढायचं कशाला?"

मला बाईंसाठी फार वाईट वाटलं. अशा ठिकाणी कोणी "आज नाही" म्हणालं की माझा तर त्या जागेवर विश्वास बसतो.

समुद्र खवळला की होड्या निघत नाहीत. विणीच्या हंगामात मासेमारी थांबवावी लागते. जाळ्यात काय सापडेल ते मासेमाराच्या हातात नसतं. असं असताना बाराही महिने तीच पन्नास पदार्थांची यादी कशी काय पुरी होते? गोठवलेला मासा वाईट, असं अजिबात म्हणायचं नाही मला. पकडल्या पकडल्या नीट गोठवून उणे 18 अंशांवर ठेवलेला मासा, चार दिवस बर्फात पडलेल्या 'ताज्या' माशापेक्षा केव्हाही बरा. पण मग तसं सांगावं. अमेरिकेत ओशियाना या संस्थेने 2010 ते 2012 दरम्यान दुकानांतून आणि रेस्टॉरंटांतून माशांचे 1,215 नमुने घेऊन डीएनए तपासला. जवळजवळ एक तृतीयांश नमुने भलत्याच नावाने विकले जात होते!

आमच्या ताटात आलेल्या माशाचं नाव मी आधी ऐकलंही नव्हतं. अख्खाच भाजलेला, कातडी कुरकुरीत, आणि काटा लावताच मांस पाकळ्यांसारखं सुटत होतं, मधल्या हाडाला काही चिकटून राहत नव्हतं. लिंबाची फोड बाईंनी मुद्दाम वेगळ्या बशीत दिली. "आधी तसाच खाऊन बघा." हे सांगायला माशाबद्दल खात्री लागते. समुद्री माशाच्या अंगात एक बिनवासाचं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्यापासून ट्रायमिथिलअमाइन तयार करतात, आणि आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो मुख्यतः याचाच. लिंबातलं आम्ल त्याला बांधून ठेवतं, म्हणून वास दबतो. आमच्या ताटात दबवण्यासारखं काही नव्हतंच. लिंबू शेवटपर्यंत तसंच राहिलं.

आणि टोमॅटो! नुसते कापून मीठ घातलेले. मागच्या परसातून मुलगी टोपलीत घेऊन येताना मी पाहिलं होतं, देठाला माती होती, उन्हाने अजून कोमट होते. टोमॅटो फ्रिजमध्ये राहिला की त्याला सुगंध देणारी द्रव्यं कमी होतात, हे वाचून माहीत होतं. कळलं मात्र त्या दिवशी.

माझा राग त्या गृहस्थांवर तरी किती असणार? आपण सगळेच ठरलेल्या चार-पाच माशांची नावं घेऊन आत शिरतो. जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त मत्स्यसाठ्यांतून झेपणार नाही इतका मासा उपसला जातो, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. ज्यांना भाव नाही असे कितीतरी चवदार मासे त्याच जाळ्यात येतात, आणि ते रांधून वाढायची हिंमत अशी छोटी रेस्टॉरंटंच करतात. त्यांना गिऱ्हाईक टिकवणं किती अवघड जात असेल! उरलेलं उद्यावर ढकलायचं नाही, संपलं तर आलेलं माणूस परत जाणार, आणि वादळात तर चूलही पेटवायची की नाही हा प्रश्न. म्हणून मनापासून सांगते, अशा जागी गेलात तर "अमुक आहे का?" विचारू नका. "आज काय आलंय?" विचारा, आणि जे असेल ते खा.

आम्ही उद्या पुन्हा जाणार आहोत. रात्रीपासून वारा सुटलाय, त्यामुळे मासा मिळेलच असं नाही, बाईंनी फोनवर आधीच सांगितलं. म्हटलं, भाजी असेल तर भाजी, दोन खुर्च्या धरून ठेवा.