मिनिमम ड्यू भरून सिबिल सुधारत नाही

‘सिबिल खराब झालंय? घाबरू नका’ अशा सुरुवातीचा एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीचा हिशेब ठेवून स्कोअर देणारी कंपनी; बोलताना त्या स्कोअरलाही सिबिलच म्हणतात. उपाय थोडक्यात असा: एफडीवर क्रेडिट कार्ड काढा, दर महिन्याला लिमिट पूर्ण वापरा, बिल आलं की फक्त मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरा, बँकेला व्याज मिळतं, ती खूश होते आणि सिबिलला चांगला रिपोर्ट पाठवते. जुनी कार्डं बंद करा, स्कोअर सारखा बघू नका. 45 दिवसांत स्कोअर 750 पार.

यातला पहिला सल्ला, एफडीवरच्या कार्डाचा, खरा आहे, म्हणून पुढचे सगळे खरे वाटतात.

एफडीवरचं कार्ड स्कोअर पडलेल्या माणसालाही मिळतं, कारण जोखीम बँकेच्या अंगावर नसतेच. समजा 20,000 ची एफडी ठेवली. बँक तिच्यावर लिन लावते, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवते, आणि सोळा हजारांच्या आसपास लिमिट देते. बँकेगणिक थोडं कमीजास्त. या कार्डाची नोंद इतर कार्डांसारखीच ब्यूरोकडे (सिबिलसारख्या कंपन्यांकडे) जाते, म्हणजे वेळेवर भरलेल्या बिलांचा इतिहास तयार होतो. मेसेज हे सांगत नाही की बिल थकलं तर बँक एफडी मोडून वसुली करते, आणि तोवर झालेला उशीर रिपोर्टात राहतोच. शिवाय रिपोर्टात खात्याचा प्रकार ‘सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड’ असाच छापलेला असतो. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला तो वाचता येतो.

आता मिनिमम ड्यू. मेसेजमधला सगळ्यात महागडा सल्ला हाच. बँक ब्यूरोला काय पाठवते? लिमिट किती, बाकी किती, थकीत किती, किती दिवस उशीर. तुमच्याकडून व्याज किती कमावलं याचा रकानाच तिथे नाही, मग बँक खूश झाल्याची नोंद होणार कुठे? मिनिमम भरल्याने उशिराचा शिक्का टळतो, बस. त्याची किंमत मात्र बघा. 16,000 चं बिल, त्याच्या 5 टक्के म्हणजे 800 रुपये भरले, 15,200 बाकी. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी 532 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 628. पुढच्या महिन्यात पुन्हा 800 भरले की त्यातले जेमतेम पावणेदोनशे मुद्दलात जातात. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, आणि बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ज्याचा स्कोअर मुळात कर्जाने पडला, त्याला हा सल्ला द्यायचा म्हणजे कमाल आहे.

लिमिट पूर्ण वापरण्याचंही तसंच. लिमिटच्या मानाने बाकी जितकी मोठी, तितका माणूस ओढाताणीत असल्याचा अर्थ निघतो. 30 टक्क्यांच्या आत राहावं असा एक ठोकताळा आहे; तो नियम नव्हे, पण उपयोगी आहे. सोळा हजारांच्या लिमिटवर विजेचं बिल, रिचार्ज आणि थोडा किराणा एवढंच बसतं. इथे एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो: बिल पूर्ण भरणाऱ्याचाही वापर रिपोर्टात जास्त दिसू शकतो. बँकांना महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा, ठरलेल्या तारखांची, माहिती ब्यूरोला पाठवावी लागते. त्या दिवशी जी बाकी असेल ती जाते. तेव्हा एखाद्या महिन्यात मोठी खरेदी झालीच, तर ड्यू डेटची वाट न बघता आधीच थोडे पैसे भरून टाकावेत.

जुनं कार्ड बंद केलं की एकूण लिमिट घटतं आणि तेवढ्याच खर्चाचं प्रमाण फुगतं. वार्षिक फी नसेल तर राहू द्या, अधूनमधून एखादं रिचार्ज करा. वर्षभर न वापरलेलं कार्ड बँक नोटीस देऊन बंद करू शकते. फी जबर असेल तर मी म्हणेन खुशाल बंद करा, स्कोअरसाठी दरवर्षी भुर्दंड कशाला?

स्वतःचा स्कोअर स्वतः बघितल्याने तो कमी होत नाही. कमी होतो तो एकाच आठवड्यात पाच बँकांकडे अर्ज टाकल्याने. उलट रिपोर्ट बघायलाच हवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, चारही ब्यूरोंनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो.

आणि 45 दिवस? रिपोर्टात प्रत्येक खात्याखाली 36 महिन्यांपर्यंतचा हिशेब असतो, महिन्यागणिक किती दिवस उशीर झाला त्याचा. गेल्या वर्षीचा 90 दिवसांचा उशीर नव्या कार्डाने पुसला जात नाही. त्याच्या शेजारी चांगले महिने साठत जातात. फरक दिसायला सहा महिने ते वर्ष धरून चाला. जुनं कर्ज अजून थकीत असेल तर कार्डाचा विचारच नंतर, आधी ती थकबाकी. ‘सेटल्ड’ (पूर्ण न भरता कमी रकमेत मिटवलेलं कर्ज) असा शेरा असेल तर सोडून दिलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करून मिळेल का, हे बँकेला लेखी विचारा.

खराब स्कोअरचं कारण कधीकधी निव्वळ चूक असते: फेडलेलं कर्ज चालू दिसतं, दुसऱ्याचंच खातं आपल्या पॅनवर चढलेलं असतं. त्यावर कार्डाचा काही उपयोग नाही. ब्यूरोकडे आणि बँकेकडे तक्रार करायची. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे, आणि नंतर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार करायला पैसे लागत नाहीत. ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणारा एजंट पाच-दहा हजार घेऊन बहुतेक हाच फॉर्म भरतो, कारण नोंद खरी असेल तर ती पुसण्याचा अधिकार त्याला नाही, आणि बँकेने कळवल्याशिवाय ब्यूरोही ती बदलत नाही.