‘चिडवाचिडवीला धोरण कशाला?’ असं विचारणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

शाळांमध्ये मुलं मुलांचा छळ करतात त्याबाबतच्या देशपातळीवरच्या नियमांचा फेरविचार व्हावा आणि त्यात जात, धर्म, भाषा, लिंगभाव यांची नावं घेतलेली असावीत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की चिडवाचिडवी प्रत्येक पिढीत होती; जातीचं नाव घेऊन आपणच ती पोरांच्या डोक्यात घालतो; आणि शेवटी शिक्षकांच्या माथी आणखी कागद येतात.

डोक्यात घालण्याचं आधी बोलते. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ हे वाक्य तुम्हीही शाळेत ऐकलं असेल. माझ्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी फॉर्म आणायला रोज विसरायची. एकटीला बाजूला घेतलं तेव्हा म्हणाली, “बाई, तुम्ही नावं मोठ्यानं वाचता ना, मग मधल्या सुट्टीत...” पुढचं ती बोललीच नाही. नावं मीच वाचत होते, सर. कुठलंही धोरण तिथे नव्हतं. ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो तेव्हा तो त्याच्या आईच्या बोलण्याला हसतो, आणि पुढे उत्तर येत असूनही ते पोर हात वर करत नाही. आपल्या नोंदवहीत याला शब्द एकच: मस्ती.

आता नियम बघा. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, महाविद्यालयांसाठीचे रॅगिंगविरोधी नियम २००९ चे. २०१६ च्या दुरुस्तीनं त्यांत धर्म, जात, लिंग, लैंगिक कल, रूप, प्रांत, भाषा, आर्थिक स्थिती या सगळ्यांवरून केलेला छळ रॅगिंगमध्ये धरला. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाला हे संरक्षण आहे. अकरा वर्षांच्या मुलाला त्या तोडीचं काही नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ यांना बंदी घालतं, पण त्यातली कारवाई सेवाशर्तींनुसार, म्हणजे रोख शिक्षकांवर. मुलानं मुलाला छळलं तर काय, यावर ते काही सांगत नाही. सीबीएसईनं २०१५ मध्ये शाळांना समित्या नेमायला सांगितलं, पण ते परिपत्रक त्यांच्याच शाळांपुरतं. जिल्हा परिषदेची शाळा त्यात येत नाही.

मुलांना गुन्हेगार ठरवू नका, हे तुमचं वाक्य मला मनापासून पटलं. म्हणूनच उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरची आठवण देते. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे एका शिक्षिकेनं वर्गातल्या पोरांना एकेक करून एका मुसलमान मुलाला थपडा मारायला लावल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं त्या मुलाबरोबरच थपडा मारणाऱ्या मुलांचंही समुपदेशन करायला सांगितलं. मारणारं पोरही त्या दिवशी काहीतरी शिकून घरी गेलं होतं, हे न्यायालयानं ओळखलं. उत्तर प्रदेशच्या शिक्षण हक्क नियमांत जात, वर्ग, धर्म, लिंग यांवरून शाळेत अपमान होऊ नये असं लिहिलेलं होतं, म्हणून बोट ठेवायला ओळ तरी मिळाली. मला देशभरासाठी तशी ओळ हवी आहे, मुलांमुलांतल्या छळालाही लागू होणारी. आणि शिक्षेच्या आधी समुपदेशन.

कागदांबद्दल तुम्ही बरोबर आहात. समित्यांच्या बैठका सह्यांपुरत्या होतात, मीही तशा सह्या केल्या आहेत. त्यामुळे नवी समिती मी मागत नाही. असलेल्या नोंदीत ‘कशावरून’ असा एक रकाना वाढवा आणि वर्षाअखेर तो कुणीतरी वाचा, एवढंच.

तुम्ही अजून शाळेत जाता असं लिहिलंत. तर एक कराल का? आपल्याकडे प्रत्येक शाळेत तक्रारपेटी असावी असा आदेश आहे. तुमच्या शाळेतली पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी सगळ्यांच्या नजरेसमोर आहे, की एखादं पोर कुणी न बघता चिठ्ठी टाकू शकेल अशा जागी? आणि ती शेवटची कधी उघडली होती? बघून नक्की कळवा.