तिकिटाला बुटका, राइडला उंच

सुट्टीत बडोद्याहून सगळा कबिला घेऊन राइड आणि पाण्याच्या स्वस्तातल्या पार्कला निघालात? छान. होर्डिंगवरचा आकडा पाठ करा आणि आकड्याच्या डोक्यावरची चांदणी अजिबात वाचू नका. त्या चांदणीचा अर्थ खाली मुंगीएवढ्या अक्षरांत असतो: सोमवार ते शुक्रवार, सणवार सोडून, जीएसटी वेगळा. जीएसटी 18 टक्के. 2018 पूर्वी तो 28 होता, तेव्हा आभार मानायला विसरू नका. 799 चं तिकीट 943 ला पडतं, चौघांचे 3,771 होतात, आणि अजून आपण गाडी लावायच्या पावतीपर्यंतसुद्धा पोचलेलो नाही.

जायचं मात्र रविवारीच. मंगळवारी गेलं तर गर्दी नसते, मग गेल्यासारखं वाटणार कसं? हिशेब सोपा आहे. 24 जणांची राइड, चढउतार धरून 4 मिनिटांची फेरी, म्हणजे तासाला 360 माणसं. पुढे 540 उभी असली की दीड तास उन्हात. लॉकर, कपडे आणि जेवण जाऊन दिवसातले पाच तास हातात राहतात. तीन राइड. एकेक 314 रुपयांना.

थेपल्यांचा डबा गेटवर अडवणार हे ठाऊक असलं तरी न्यायचाच. ‘बेन, बहारनुं नई चाले’ ऐकल्याशिवाय सहल सुरू होत नाही.

सुती टी-शर्ट आणि बर्म्युडा घाला. सुताचे धागे फिल्टरमध्ये अडकतात आणि भिजलेला कपडा जड होऊन स्लाइडवर माणसाला अडवतो, म्हणून पाण्यात सोडत नाहीत. मग खिडकीवर भाड्याचा नायलॉनचा कॉश्च्यूम घ्या, जो काल दुसऱ्या कुणाच्या अंगावर होता. त्याचं डिपॉझिट वेगळं. लॉकरचं वेगळं. दोन्ही पावत्या खिशात ठेवून वेव्ह पूलमध्ये उतरा. संध्याकाळी त्यांचा लगदा दाखवून डिपॉझिट परत मिळतं का ते बघा.

पाण्याला झणझणीत वास आला की ‘वा, क्लोरिन भरपूर घातलंय’ असं मोठ्यांदा म्हणा. क्लोरिन नीट असलेल्या पाण्याला फारसा वास येत नाही. नाकात जातो तो क्लोरामाइनचा, म्हणजे क्लोरिनने घाम आणि मूत (होय, तुमच्याच पोराचं) यांच्याशी लढून झाल्यावर जे उरतं त्याचा. मोकळं, म्हणजे अजून न लढलेलं क्लोरिन 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचा आकडा, 7.2 ते 7.8 हवा. मे महिन्याचं ऊन ते क्लोरिन खातं, गर्दीही खाते, म्हणून सकाळी अकराला बरं असलेलं पाणी चारला तसं राहत नाही. तळाची जाळी दिसते का बघा. ती दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसणार नाही. पण तुम्ही कशाला खाली बघताय, वर डीजे लागलाय.

आता खरी कला: उंची. तिकीट उंचीवर असतं, म्हणून खिडकीपाशी पोराला गुडघे वाकवायला शिकवा. तेच पोर अर्ध्या तासाने राइडच्या पट्टीखाली टाचा उचलून, जाड तळव्याचे बूट घालून उभं करा. तेवढ्यात वाढलं बिचारं. गेल्या रविवारी याच पायी एका राइडची रांग पंचवीस मिनिटं जागेवर उभी होती. पट्टी धरलेला मुलगा विशीतला, एकटा, ‘नहीं चलेगा सर’ म्हणणारा. वडील म्हणत होते, ‘बे इंचमां शुं थई जवानुं छे?’ आणि मागची रांग, जिनं त्या मुलाच्या बाजूने उभं राहायला हवं होतं, ती ‘बेसाडी दो ने भाई’ म्हणून ओरडत होती. बसवलं शेवटी.

बे इंचमां, म्हणजे दोन इंचांत, काय होतं ते ऐका. पोर घाबरेल म्हणून ती पट्टी लावलेली नसते. पाठ सीटला टेकून मांड्या अडवणीच्या दांड्याखाली येतात की नाही, याचं ते माप आहे. बऱ्याच राइडमध्ये दोघांना मिळून एकच दांडा असतो, आणि तो जाड माणसाच्या पोटाला लागला की तिथेच थांबतो. तुमच्या पोटावर घट्ट बसलेल्या दांड्याखाली शेजारच्या पोराला वीतभर पोकळी राहते. गोल फिरणाऱ्या राइडमध्ये सगळं वजन बाहेरच्या बाजूला लोटलं जातं, म्हणून मोठ्याने बाहेर बसायचं आणि लहानाने आत. तुम्ही उलटं बसता, कारण कडेच्या पोराचा फोटो चांगला येतो. आणि घसरगुंडीवर मांडीत घेतलेल्या पोराचा पाय कडेला अडकला की मागून तुमचं सत्तर किलो वजन येतं. हाड त्याचं मोडतं.

काय लावलंय हे? तिकिटात दोनशे वाचवायला पोराला बुटकं करता आणि राइडवर चढवायला उंच, आणि दोन्ही वेळा त्याच्यादेखत खोटं बोलता. 14 जुलै 2019 ला अहमदाबादच्या कांकरियात पेंड्युलम, म्हणजे झोके घेणारी राइड, तुटला, 2 माणसं गेली. 18 जानेवारी 2024 ला आपल्या हरणी तलावात, आपल्याच बडोद्यात, सहलीला आलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि सगळ्यांना लाइफ जॅकेटसुद्धा नाही. 25 मे 2024 ला राजकोटचा गेम झोन जळला, 27 माणसं गेली. त्याला फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, नव्हती, आणि त्या दिवशी 99 रुपयांच्या तिकिटाची ऑफर होती.

त्यानंतरही खिडकीवर तुम्ही विचारता फक्त, ‘ग्रुप डिस्काउंट आहे का?’ राइडचं फिटनेस प्रमाणपत्र कुठे लावलंय, सकाळी रिकामी फेरी घेतली का, बाहेर पडायची दुसरी वाट कुठे, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. विचारलंत कधी? थेपल्यांच्या डब्यासाठी गार्डशी अर्धा तास भांडता येतं. बोटीत बसण्याआधी माणसं आणि जॅकेटं मोजा. कमी पडली तर खाली उतरा, पैसे बुडाले तर बुडू द्या. आणि पट्टीवाला मुलगा नाही म्हणाला तर मॅनेजर-मॅनेजर न करता पोराचा हात धरून बाजूला व्हा. मागे रांग उभी आहे.